उड्डाणाचा हेतू

"टाक गं मालू, टाक चुलीत," कोगटाशेठ म्हणाले, आणि बोलता बोलता स्वतःचा फॉर्म त्यांनी भिकनच्या चुलीत सारलासुद्धा.

भिकन म्हणजे आमच्या धावपट्टीचा वॉचमन. हँगरच्या मागे तीन विटा मांडून तो आम्हाला चहा करून द्यायचा. शेठचं बघून महाजन बंधूंनीही आपला फॉर्म चुलीत टाकला. त्या दिवशी चहाला उकळी लवकर आली.

"आणि तुझा?" शेठनी विचारलं.

"माझा कालच कामी आला. भिकनने भजी आणली होती, बांधून द्यायला कागद नव्हता."

शेठ खो खो हसले. "बापूंची पोर शोभतेस खरी!"

बत्तीस वर्षं झाली या गोष्टीला. आज माझी सत्तरी उलटली, म्हणजे तेव्हा मी चाळिशीची होते. सातपुड्याच्या पायथ्याची सावरखेड्याची धावपट्टी सरकारने कधीकाळी कपाशीवर विमानातून फवारणी करायला बांधलेली. फवारणीचं विमान माझे वडील चालवायचे, त्यांना सगळे बापू म्हणत. पुढे फवारणी बंद पडली, सरकार धावपट्टी विसरलं, आणि तिथे उरली तीन खाजगी विमानं. एक जिनिंगवाल्या कोगटाशेठचं, एक केळीवाल्या महाजन बंधूंचं सामाईक, आणि तिसरं माझं पुष्पक. दोन आसनं, कापडी पंख. बापूंनी ते एका मोडलेल्या फ्लाइंग क्लबाकडून घेतलं होतं, आणि बापू गेल्यावर ते माझ्या नावावर झालं. लग्न करतेस की विमान ठेवतेस, असं आईने एकदा खडसावून विचारलं होतं. मी विमान ठेवलं. गावात मला विमानवाली बाई म्हणायचे. पाठीमागे आणखीही काय काय म्हणायचे, मला काय त्याचं!

तर दिल्लीहून टपालाने हे फॉर्म आले होते. खाजगी विमानमालकांचे सर्वेक्षण. वर्षभरात किती वेळा उडालात, कुठून उडालात, कुठे उतरलात, कशासाठी. उत्तर देण्याची सक्ती नाही, असं तळाला बारीक अक्षरात.

"सक्ती नाही म्हणतात ना, तिथेच पाणी मुरतं," शेठ बशीत चहा ओतत म्हणाले. "मागे विहिरी मोजायला आले होते, आठवतं? काय गोड बोलत होते! पुढच्या वर्षी पाणीपट्टी वाढली. एकदा का त्यांना कळलं आपण किती उडतो, की किती उडायचं ते तेच ठरवणार. हात दाखवून अवलक्षण करून घ्यायला सांगितलंय कोणी?"

"कोणी नाही!" मी म्हटलं. आणि अगदी मनापासून म्हटलं, हे लपवत नाही. सरकारी कागद नुसता दिसला तरी माझ्या डोक्यात तिडीक जायची.

शिवाय आमची एक आतली गोष्ट होती. धावपट्टीच्या उत्तरेला, वर डोंगरात बोरीमाळ नावाचं गाव आहे. भादव्यात घाट खचला की तिकडे महिना महिना जीप जात नाही, आणि साप चावायचे दिवसही नेमके तेच. तिथल्या सरकारी दवाखान्यात डॉक्टर रशीद तडवी होते. त्याच डोंगरात जन्मलेला माणूस, शिकून परत तिथेच गेलेला, आणि कामाला एकटा. सापाच्या विषावरच्या इंजेक्शनच्या कुप्या संपल्या की ते पोलीस चौकीच्या वायरलेसवरून जिल्ह्याला कळवायचे. जिल्ह्याच्या इस्पितळाची जीप कुप्या घेऊन आमच्याकडे यायची, आणि आमच्यापैकी जो मोकळा असेल तो त्या घेऊन उडायचा. मोकळा म्हणजे बहुतेक वेळा मीच. पंचवीस मिनिटांत बोरीमाळ. तिथे बाजाराच्या मुरमाड मैदानावर उतरायचं.

पण धावपट्टी सोडून असं भलत्या जागी उतरायचं तर वरची परवानगी लागते. ती मागत बसलो असतो तर इकडे माणूस जाऊन त्याच्या तेराव्याच्या पंगतीही उठल्या असत्या. म्हणून बापूंनी रीत घालून दिली होती. जायचं, कुप्या द्यायच्या, परत यायचं, आणि लॉगबुकात लिहायचं, 'स्थानिक सराव'. म्हणजे धावपट्टीवरच घिरट्या घातल्या, कुठे उतरलो नाही. पंधरा वर्षं तिन्ही विमानांची हीच रीत होती. आमच्याविरुद्ध एक कागद कुठे सापडणार नाही, याची आम्हाला केवढी घमेंड!

आठ दिवसांनी भाड्याच्या सायकलवरून एक माणूस आला. पँटचे पाय दोरीने बांधलेले, खांद्याला शबनम पिशवी. मी विमानाच्या पोटाखाली उताणी पडून नटबोल्ट आवळत होते.

"मालती फालक आपणच का?"

"विमानाखाली दुसरी कोण बाई झोपणार?"

"मी ढवळे. सर्वेक्षणाचा निरीक्षक. या धावपट्टीवर तीन फॉर्म पाठवले होते, एकही परत आला नाही."

"सक्ती आहे?"

"नाही."

"मग चहा घ्या आणि निघा. सायकलचं भाडं तासावर असतं."

माणूस हलला नाही. भिकनने दिलेला चहा त्याने सावकाश संपवला, बशी नीट कडेला ठेवली. मग म्हणाला, "बाई, मी पोलीस नाही. मी आकडे गोळा करतो. फक्त रीत सांगून जातो. उत्तर नाही आलं की त्या रकान्यात शून्य मांडायचं. तिन्ही विमानांची शून्यं आली की धावपट्टी बिनवापराची ठरते. बिनवापराच्या जागांची यादी महिनाअखेर वर जाणार. अशा जागांवर गोदामं बांधायची ठरलीत."

"धमकी देताय?"

"धमकी द्यायला सायकलवर आलो असतो का?"

उत्तर चोख होतं, पण ते मी थोडीच कबूल करणार! "शून्य तर शून्य," मी म्हटलं, "मांडा खुशाल. आम्ही काही तुमच्या रकान्याच्या जिवावर उडत नाही. आणि या सातपुड्यात कोण येतंय गोदाम बांधायला, तेही बघू."

"बरं, लॉगबुक बघू का? तेवढं तरी?"

लॉगबुक मी ताडकन आणून दिलं. त्यात काही सापडू नये म्हणूनच तर ते तसं लिहिलेलं होतं. ढवळे बोटाला थुंकी लावत एकेक पान उलटत राहिले.

"या वर्षात एक्केचाळीस वेळा स्थानिक सराव."

"मग?"

"दर वेळी तासाभराचा. तोही ऐन पावसाळ्यात, वाऱ्यावादळात." त्यांनी मान वर केली. "इतका सराव करूनही हात बसला नाही का बाई तुमचा?"

भिकन तोंडाला पंचा लावून आत पळाला. मलाही हसू फुटत होतं, आणि त्याचाच जास्त संताप आला.

"हात चांगला बसलाय," मी म्हटलं. "कानाखाली वाजवून दाखवू?"

तेवढ्यात फाटकातून चिखल उडवत इस्पितळाची जीप आत आली. ड्रायव्हर बर्फाचा डबा छातीशी धरूनच उतरला. "ताई, बोरीमाळचा वायरलेस! एकाच घरातल्या दोघांना मण्यार चावलीय. डॉक्टरकडे एक कुपी नाही."

बोलून झाल्यावर त्याला ढवळे दिसले, आणि त्याने जीभ चावली. मी डबा घेतला, दुसऱ्या आसनावर पट्ट्याने बांधला, भिकनने पुढचा पंखा हाताने फिरवून इंजिन चालू करून दिलं. ढवळे लॉगबुक हातात धरून उभेच होते. मी त्यांच्याकडे बघून मोठ्याने ओरडले, "सरावाला चाललेय!"

भादव्यातलं आभाळ. डोंगराच्या खांद्यावर ढग बसलेले, त्यांच्या खालून वाट काढत गेले. बोरीमाळच्या लोकांना इंजिनाचा आवाज ओळखू यायचा. ते मैदानावरची गुरं हाकलायचे आणि ओला पाला पेटवायचे, म्हणजे धुरावरून मला वारा कळायचा. उतरले तेव्हा डॉक्टर तडवी मैदानाच्या कडेलाच उभे होते. डबा घेऊन धावत दवाखान्यात गेले. मी मागोमाग.

दोन खाटांवर दोघी होत्या, नणंद आणि भावजय. नणंदेच्या पापण्या मिटायला लागल्या होत्या. डॉक्टरांनी दोघींना सलाईन लावलं, त्यातून औषध सोडलं, आणि दोघींच्या मधल्या स्टुलावर बसून राहिले. मी दाराशी उभी. अर्ध्या तासाने नणंदेने डोळे उघडले आणि पाणी मागितलं. माझा जीव भांड्यात पडला. तो क्षण दर वेळी नवा असायचा, त्याची सवय कधी झाली नाही.

बाहेर ओट्यावर डॉक्टरांनी मला कोरा चहा दिला. मला बोलायचा हुरूप आला होता. फॉर्मची गंमत सांगितली, भज्यांचं सांगितलं, ढवळेंना कसं झाडलं ते रंगवून सांगितलं. डॉक्टर हसतील असं वाटलं होतं. ते हसले नाहीत.

"काय झालं, डॉक्टर?"

"काही नाही ताई. चहा घ्या."

"आता बोला की सरळ. माझ्यापाशी कसला आडपडदा?"

ते आत गेले आणि एक फाईल घेऊन आले. वरचाच कागद माझ्यासमोर धरला. जिल्ह्याचं पत्र होतं. मी वाचलं: 'आपल्या केंद्रास सर्पदंशावरील औषधाचा पुरवठा वर्षभर वेळेवर होत असल्याचे नोंदींवरून दिसून येते. सबब, रॉकेलवरील फ्रिज व वाढीव साठा यांची आपली मागणी अमान्य करण्यात येत आहे.'

"असली तीन पत्रं आहेत," डॉक्टर म्हणाले. "जिल्ह्याचा स्टोअरवाला लिहितो, जीपने रवाना. मी लिहितो, औषध मिळालं. तुम्ही लिहिता, सराव. सगळे चांगली माणसं आहोत आपण, एकमेकांना सांभाळून घेतो. पण कागदावर बोरीमाळचा रस्ता बारा महिने चालू आहे, ताई. मग मला साठा कशाला देतील?"

मी उगाच कप फिरवत बसले.

"गेल्या श्रावणात तुमचं इंजिन उघडलेलं होतं," ते पुढे म्हणाले. "शेठ काशीला गेले होते. महाजनांचं विमान दुरुस्तीला."

"हो. मग तेव्हा कुप्या कोणी आणल्या?"

"कोणी नाही."

आत नणंद काहीतरी बोलली, तिची आई रडत रडत हसली. डॉक्टर खाली बघत होते.

"गुजीबाई पावरा. तीन लेकरांची आई होती. चौदा तास हाताने पंप दाबून तिला श्वास देत बसलो होतो मी."

"आणि हे मला आज सांगता? वर्षभराने?"

"काय सांगू? तुम्ही जिवावर उदार होऊन येता, एक पैसा घेत नाही. वर तुम्हालाच हे ऐकवू?" मग म्हणाले, "आज ऐकवलं, कारण तुम्ही तो फॉर्म हसत हसत भज्यांना वापरलात."

परतीच्या पंचवीस मिनिटांत मी मोठमोठ्याने शिव्या दिल्या. आधी सरकारला, मग स्टोअरवाल्याला, मग बापूंच्या त्या रीतीला, आणि डोंगर संपून खाली सावरखेडं दिसायला लागलं तेव्हा फक्त स्वतःला. पंधरा वर्षं मला वाटत होतं की आम्ही सरकारच्या नाकावर टिच्चून माणसं वाचवतोय. कसलं नाक आणि कसली टिच्चून! सरकारचं काम आम्ही फुकटात आणि गुपचूप करत होतो, आणि सरकारला बिनघोर झोपू देत होतो. जिथे आमचं विमान पोचलं नाही तिथे गुजीबाई गेली, आणि तीसुद्धा कुठल्या कागदावर नव्हती.

खाली उतरले तर हँगरपाशी शेठची गाडी. ढवळे आल्याची खबर त्यांना लागली होती. ढवळे अजून तिथेच, भिकनच्या बाजेवर बसलेले. त्यांची दुपारची शेवटची एसटी निघून गेली होती.

"झाला सराव?" ढवळेंनी विचारलं.

"द्या तो फॉर्म."

"तुमचा तर भज्यांना..."

"कोरा असेल ना दुसरा? द्या म्हणतेय ना!"

विमानाच्या पंखावरच कागद ठेवून मी लिहायला घेतलं. शेठ लगबगीने आले. "मालू, काय चाललंय हे?"

"उत्तर देतेय."

"त्यानं गोदामाचा बागुलबुवा दाखवला आणि तू भ्यालीस?"

"भिऊन लिहीत नाहीये, शेठ. भीत होते म्हणून आजवर लिहिलं नाही." आणि मी त्यांना गुजीबाईचं सांगितलं. सगळं सांगितलं, ते पत्र, तो श्रावण, सगळं.

शेठ पंखाला टेकून उभे राहिले. माणूस वाईट नव्हता तो. स्वतः नऊ-दहा वेळा बोरीमाळला उतरला होता, एकदा तर ताप अंगात असताना. पण मग म्हणाले, "वाईट झालं. फार वाईट झालं. पण बाई परत येणार आहे का ती? तू लिहिलंस की चौकशी लागणार. लायसन जाईल तुझं. विमान सोडून आहे काय तुझ्याकडे?"

तो घाव बरोबर बसला. कारण खरंच नव्हतं दुसरं काही. नवरा नाही, मूल नाही. सकाळी उठून आभाळाकडे बघायचं, एवढाच माझा संसार.

"आणि आमचं काय?" शेठचा आवाज चढला. "चौकशीत आम्ही पण ओढले जाऊ. बापू असते तर..."

"बापूंनी घातलेल्या रीतीनेच ती मेली, शेठ! आणि तुमचं मी काही लिहीत नाही. तुमच्या सरावावर तुम्ही सुखाने झोपा. मी माझं लिहितेय."

ढवळे आतापर्यंत ऐकत होते. ते जवळ आले आणि हळूच म्हणाले, "बाई, एक सुचवू का? हेतूच्या रकान्यात नुसतं 'औषध वाहतूक' लिहा. धावपट्टी वाचेल. बाजाराच्या मैदानावर विनापरवाना उतरलो, हे लिहायची गरज नाही. तेवढं कोणी विचारत नाही."

"विचारतात की. इथे आहे, 'कुठे उतरलात'."

"रकाना रिकामा सोडता येतो."

"रिकामे रकाने सोडूनच इथवर आलोय, ढवळे. कुठे उतरले ते नाही लिहिलं तर रस्ता बंद असतो हे कळणार कसं त्यांना?"

फॉर्मवर हेतूचे चार पर्याय छापले होते: करमणूक, सराव, व्यवसाय, इतर. मी 'इतर'वर खूण केली. समोर दोन बोटं जागा होती, ती पुरेना, म्हणून पाठकोऱ्या बाजूला लिहिलं. एक्केचाळीस तारखा. प्रत्येकीपुढे बोरीमाळ, बाजारमैदान, परवानगी नाही. दवाखान्याचा रस्ता त्या दिवशी बंद होता. लॉगबुकातली 'स्थानिक सराव' ही नोंद खोटी आहे आणि ती मी केली आहे. मग खाली आणखी एक ओळ लिहिली, की गेल्या श्रावणात माझं विमान बंद होतं, त्यामुळे गुजीबाई पावरा ही बाई औषधाविना वारली, तिची नोंद कुठेच नाही, ती इथे घ्यावी.

सही ठोकली. शेठ गाडीत बसले आणि दार धाडकन लावून गेले.

ढवळेंनी कागद दोनदा वाचला. "हा मी आजच गावातून रजिस्टर टपालाने पाठवतो," ते म्हणाले. "रात्रभर जवळ ठेवला तर तुमच्या भल्यासाठी म्हणून माझ्याच हातून फाटायचा."

"पोस्ट बंद व्हायच्या आत पळा मग."

माणूस खरोखरच सायकलवर टांग मारून पळाला.

पुढचं सगळं शेठ म्हणाले तसंच झालं. दोन महिन्यांनी चौकशी लागली. मोठे साहेब आले होते, गोरेपान, मृदू बोलणारे. माझा फॉर्म समोर ठेवून म्हणाले, "पण बाई, हे तुम्ही आपण होऊन कशाला लिहिलंत? तुम्हाला कोणी विचारलं होतं?"

"तुम्हीच विचारलं होतं की! वर तुमचा शिक्का आहे बघा."

"पश्चात्ताप झालाय, असं दोन ओळींत लिहून द्या. मी सौम्य शिक्षेची शिफारस करतो."

"झालाय ना. पंधरा वर्षं लिहिलं नाही याचा. तसं लिहून देऊ?"

ते त्यांना नको होतं. तीन वर्षांसाठी लायसन गेलं. तीन वर्षांनी डोळ्यांच्या तपासणीत अडकले आणि ते परत आलंच नाही. धावपट्टी मात्र गोदामांच्या यादीतून वगळली गेली. शेठ मरेपर्यंत तिच्यावरूनच उडाले, आणि मरेपर्यंत मला मूर्ख म्हणत राहिले. मी ऐकून घ्यायचे. पहिलं वर्ष फार वाईट गेलं. वरून इंजिनाचा आवाज आला की घरात जाऊन दार लावून घ्यायचे आणि रडायचे, खोटं कशाला सांगू?

त्याच्या पुढच्या भादव्यात घाट पुन्हा खचला. का कोण जाणे, मला राहवेना. खचलेल्या जागेपर्यंत एसटीने गेले आणि तिथून पायवाटेने बोरीमाळ गाठलं. पोचेपर्यंत दुपार कलली. डॉक्टर तडवी मला चिखलाने माखलेली बघून चकितच झाले. त्यांनी हाताला धरून आत नेलं आणि कोपऱ्यातला पांढरा रॉकेलचा फ्रिज उघडला. आत तीन फळ्यांवर खच्चून कुप्या. इतक्या कुप्या एका जागी मी जन्मात पाहिल्या नव्हत्या.

"चौकशीवाल्यांनी तुमच्या फॉर्मची नक्कल जिल्ह्याला पाठवली, तेव्हा कुठे मागणी मंजूर झाली. पावसाळाभर पुरून उरतात," डॉक्टर म्हणाले. "या वर्षी छत्तीस जणांना साप चावला. छत्तीसच्या छत्तीस घरी गेले. आता तुमच्या विमानाची गरजच पडत नाही, ताई."

बोलले आणि चपापले. चेहरा एवढासा झाला त्यांचा. "म्हणजे... ताई, माफ करा, मला तसं म्हणायचं नव्हतं."

"तसंच म्हणा," मी म्हटलं. "हेच ऐकायला लायसन घालवलंय मी. पुन्हा एकदा म्हणा."

त्यांना ते जड गेलं, पण त्यांनी म्हटलं. मी त्यांना तिसऱ्यांदा म्हणायला लावलं.